मदत हवी आहे : डायलिसिस विभागात एमडीआर टीबीचा (अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा) रुग्ण आढळल्यावर शेजारच्या रुग्णांनी काय करावे?

माझ्या सासूबाईंचे डायलिसिस जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी रुग्णालयात चालते. त्यांच्याच पाळीत, शेजारच्या खाटेवर येणाऱ्या एका गृहस्थांना बरेच दिवस खोकला होता. छातीत पाणी साठल्यामुळे तो येत असावा, असे सगळेच धरून चालले होते. आता थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत (यात जंतूंची जनुके तपासतात) रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा, म्हणजे एमडीआर धरूनच उपचार करावा लागणारा क्षयरोग निघाला आहे. त्यांची वेगळी सोय झाली, ते योग्यच झाले. उरलेल्यांना मात्र ‘मास्क लावा, घाबरू नका’ यापलीकडे कोणी काही सांगितलेले नाही.

तिथल्या खाटा इतक्या लागून आहेत की रक्तदाब मोजायचा स्टँड आत घेताना आडवा करावा लागतो. खिडक्या कायम बंद असतात आणि स्प्लिट एसी खोलीतलीच हवा चार-चार तास फिरवत राहतो. हवेतून पसरणाऱ्या आजाराला आणखी काय हवे?

दक्षिण आफ्रिकेतील तुगेला फेरी येथील ग्रामीण रुग्णालयाची हकीकत वाचल्यापासून तर माझी झोप उडाली आहे. तिथे एक्सडीआर टीबी (एमडीआरपेक्षाही जास्त औषधांना दाद न देणारा क्षयरोग) झालेल्या 53 रुग्णांपैकी 52 दगावल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली ते सर्व बाधित होते. निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी क्षयरोगाचे उपचार कधी घेतलेच नव्हते, पण बरेच जण आधीच्या दोन वर्षांत रुग्णालयात राहून आले होते. म्हणजे औषधे अर्धवट सोडल्यामुळे नव्हे, तर दाद न देणारे जंतूच दुसऱ्याकडून, बहुधा वॉर्डातच, त्यांच्या शरीरात गेले होते. आमची परिस्थिती तितकी भीषण नाही हे मला समजते. पण डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्तीही कमीच असते.

सासूबाईंना सध्या खोकला किंवा ताप नाही. वजनावरून मात्र काहीच कळत नाही, कारण ते पाण्यानुसार रोज बदलते. अशा रुग्णांत त्वचेवरची चाचणी फसवी नकारात्मक येऊ शकते, मग इग्रा (क्षयरोगाच्या संसर्गाची रक्तचाचणी) करावी की छातीचा एक्स-रे काढून काही महिने लक्ष ठेवावे? एमडीआर रुग्णाच्या संपर्कातील व्यक्तींना सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक प्रतिबंधासाठी देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये केली आहे. डायलिसिसवरील रुग्णाला ते कोणी दिले आहे का, आणि मात्रा कशी ठरवली?

क्षयरुग्णाची नोंद कळवणे खाजगी रुग्णालयांनाही 2012 पासून बंधनकारक आहे. मग संपर्कातील इतरांच्या तपासणीसाठी आम्ही थेट जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो, की रुग्णालयाचे पत्र लागते? आणि त्या विभागात खिडक्या उघडणे, एक्झॉस्ट पंखे बसवणे, खोकणाऱ्याला पहिल्याच दिवशी वेगळे बसवणे, एवढे तरी व्हावे म्हणून लेखी मागणी कोणाच्या नावे करावी?