पुरवठा साखळीतली शाश्वतता: मॅनेजरला खरंच पडलेली असते का?

खरेदीवाला:
वरून आदेश येतो, 'यंदा सस्टेनेबिलिटीवर भर', म्हणजे माल घेताना पर्यावरण आणि कामगारांचीही काळजी घ्या. माझं अप्रेझल मात्र भाव किती पाडला, माल वेळेवर आला का, रिजेक्शन किती, यावरच होतं. पुरवठादाराला दर कमी करायला सांगायचं, पैसे ९० दिवसांनी द्यायचे आणि त्याच मेलला सांडपाणी-कामगारांची प्रश्नावली जोडायची. तो सगळीकडे 'होय' लिहितो, आम्ही फाइलला लावतो. मॅनेजर वाईट नसतात; पण ज्याचे गुण मिळत नाहीत ते काम मागेच पडतं.

स्पष्टवक्ती:
साफ असहमत. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक बंद राहिली, शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं, कारण ऑर्डरी निघायच्या होत्या. तिथल्या काही कारखान्यांचं ऑडिटही, म्हणजे कामाच्या परिस्थितीची तपासणी, झालेलं होतं! इतक्या घाईच्या तारखा आणि इतके पडेल भाव मागतं कोण? तुमच्यासारखेच खरेदीवाले. अप्रेझलच्या आड लपू नका.

हिशेबी:
ताई, भावना पोचल्या. पण थेट पुरवठादाराच्या मागे कोण आहे, हे बऱ्याच कंपन्यांना ठाऊकच नसतं. स्कोप ३ उत्सर्जनाचे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामाबाहेर पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतच्या साखळीत होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे, १५ प्रकार आहेत आणि त्यातले कित्येक आकडे सरासरीवरून काढलेले अंदाज असतात. एकट्या मॅनेजरने काय करावं? कायदा आला की बजेट आपोआप मिळतं. जर्मनीने २०२३ पासून किमान ३००० आणि २०२४ पासून किमान १००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना पुरवठादारांकडची मानवी हक्क आणि पर्यावरणाची जोखीम तपासणं बंधनकारक केलं, तेव्हा तिथे माल देणाऱ्यांकडेही चौकशा सुरू झाल्या.

स्पष्टवक्ती:
चौकशा म्हणजे पुन्हा प्रश्नावल्याच ना?

पुरवठादार:
मी पलीकडच्या बाजूचा. तेच प्रश्न प्रत्येक ग्राहक वेगळ्या फॉर्मवर विचारतो. ते भरायलाच माणूस लागतो. सांडपाण्याचं संयंत्र बसवायला मी तयार आहे, पण कर्ज फेडायला ऑर्डरची खात्री हवी. आज दोन टक्के स्वस्त देणारा भेटला की उद्या माझी ऑर्डर बंद. मॅनेजरला खरंच कळकळ असेल तर त्याने तीन वर्षांचा करार द्यावा आणि पैसे ३० दिवसांत. प्रश्नावली नाही पाठवली तरी चालेल.

खरेदीवाला:
पैशांचं मान्य, ते माझ्या हातात थोडंफार आहे; पुढच्या करारापासून ४५ दिवसांसाठी फायनान्सशी भांडतो. तीन वर्षांचं मात्र अवघड. मध्येच कच्चा माल स्वस्त झाला तर तुम्ही दर उतरवाल का?

पुरवठादार:
उतरवीन. महागला तर तुम्ही वाढवून द्याल?