डीबगच्या ओळी कोडमध्ये राहू द्याव्यात की काम झाल्यावर काढून टाकाव्यात?

ऊसमळा (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या चमूत एका पुल रिक्वेस्टवरून (कोडमधले बदल मंजुरीसाठी पाठवण्याची विनंती) बराच वाद झाला. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने साऱ्या प्रकल्पातल्या डीबगच्या ओळी (प्रोग्राम आत काय करतो ते दोष शोधण्यासाठी छापणाऱ्या ओळी) एकदम काढून टाकल्या होत्या, आणि इमारत बांधून झाली की परांची उतरवायची असते, असे त्याचे म्हणणे होते. मी ती रिक्वेस्ट मंजूर केली नाही. माझे कारण इथे सविस्तर मांडते, कारण ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांचे मत मला खरोखरच हवे आहे.

आम्ही नोडजेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) काम करतो आणि 'डीबग' नावाचे छोटे पॅकेज (तयार कोडचा संच) वापरतो. त्याचे काम इतकेच, की प्रत्येक विभागाला एक नाव द्यायचे आणि त्या नावाने संदेश लिहायचे. हे संदेश एरवी बंद असतात. प्रोग्राम सुरू करताना डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या मूल्यात) विभागाचे नाव दिले, तर तेवढ्याच विभागाचे संदेश एसटीडीएररवर (चुका आणि सूचना छापण्याच्या वेगळ्या आउटपुटवर) उमटतात. टर्मिनलवर प्रत्येक विभागाला वेगळा रंग मिळतो आणि त्याच विभागाच्या मागच्या संदेशापासून किती मिलिसेकंद गेले तेही ओळीच्या शेवटी दिसते. एक्सप्रेससारख्या मोठ्या फ्रेमवर्कनेही (वेब सर्व्हर लिहिण्याच्या तयार सांगाड्यानेही) आपले अंतर्गत संदेश असेच ठेवले आहेत. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत 'एक्सप्रेस:*' (चांदणी म्हणजे त्यातले सगळे विभाग) एवढे लिहिले की कोणती विनंती कोणत्या राउटमधून (पत्त्यानुसार ठरलेल्या मार्गातून) गेली ते समोर येते.

आता माझा अनुभव सांगते. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचा प्रोग्राम चालतो. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टवरून (एकामागून एक बाइट नेणाऱ्या जोडणीवरून) वजन पाठवतो आणि आमचा प्रोग्राम ते पावतीवर छापतो. ऐन गळीत हंगामात रात्री दोनच्या सुमारास काट्यावरच्या ऑपरेटरांचा फोन आला. भरलेल्या ट्रॅक्टरचे वजन पडद्यावर ४६० किलो दिसत होते, दोन ट्रॉल्या खाली करून पुन्हा चढवणे शक्य नव्हते, आणि मागे वाहनांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. मी पुण्यात होते. तिथे डीबगर (प्रोग्राम थांबवून आत पाहण्याचे साधन) जोडण्याची सोय नव्हती, नवी आवृत्ती पाठवून बसवून घ्यायला वेळ नव्हता. पण नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याने पोर्टवरून आलेले कच्चे बाइट छापणारी एक ओळ तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत काय लिहायचे ते मी ऑपरेटरांना अक्षर-अक्षर सांगितले, त्यांनी प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि पुढच्या काही वाहनांनंतर तोच दोष पुन्हा आला तेव्हा तयार झालेल्या फाइलचा फोटो पाठवला.

त्या फोटोत दोन ओळी होत्या. पहिलीत '३२ ३७' आणि दुसरीत '३४ ३६ ३० ०डी ०ए'. हे अक्षरांचे संकेतांक आहेत: ३२ म्हणजे २, ३७ म्हणजे ७, ३४ म्हणजे ४, ३६ म्हणजे ६, ३० म्हणजे ०, आणि '०डी ०ए' ही ओळ संपल्याची खूण. वेळेत फरक १६ मिलिसेकंदांचा. म्हणजे २७४६० हे वजन '२७' आणि '४६०' अशा दोन तुकड्यांत आले होते, आणि आमचा कोड प्रत्येक तुकड्याला पूर्ण वजन समजत होता. सीरियल पोर्ट आकडे देत नाही, जसे येतील तसे बाइट देतो, ही गोष्ट आम्ही विसरलो होतो. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत बाइट साठवायचे, एवढीच दुरुस्ती होती.

ती एक ओळ 'काम झाले' म्हणून कोणी पुसली असती तर ती रात्र कशी गेली असती, याचा विचार मी आजही करते. आपण घाईत लिहिलेला कन्सोल.लॉग (संदेश छापण्याची साधी आज्ञा) पुसतो तेव्हा तो प्रश्न नेमका कुठे विचारायचा असतो, हे कष्टाने मिळालेले ज्ञानही त्याच्याबरोबर पुसतो. म्हणून माझे मत असे, की डीबगच्या ओळी विचारपूर्वक लिहाव्यात, त्यांना नाव द्यावे आणि त्या कोडमध्येच राहू द्याव्यात.

कुलूपकिल्ली

आपला अनुभव बोलका आहे, पण आपण नशीबवान ठरलात, कारण त्या ओळीत फक्त वजनाचे बाइट होते. मी पैशांच्या व्यवहारांच्या प्रणालींची सुरक्षा तपासते. तिथे मला ज्या डीबग-ओळी सापडतात त्यांत बहुतेकदा संपूर्ण रिक्वेस्ट छापलेली असते, आणि रिक्वेस्ट म्हटली की तिच्याबरोबर ऑथरायझेशनचा हेडर (ओळख पटवणारा भाग), कुकी, कधी ओटीपी, कधी पॅन क्रमांक. लिहिणारा म्हणतो, "ही ओळ तर बंदच असते." एका तपासणीत मला असे आढळले, की तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी एक दोष शोधण्यासाठी व्हेरिएबल चालू केले होते आणि ते बंद करायचे राहून गेले होते. तेवढ्या दिवसांचे टोकन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या) एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पडून होते, आणि ती फाइल वाचण्याची मुभा बाहेरच्या सपोर्ट एजन्सीलाही होती.

हे लहान कंपन्यांतच घडते असे समजू नये. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सर्व, म्हणजे सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. पासवर्ड हॅश होण्याआधीच (उलटवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलण्याआधीच) एका अंतर्गत लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) जसेच्या तसे लिहिले जात होते, हे त्याचे कारण. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड आपल्या अंतर्गत साठ्यात वाचता येतील अशा स्वरूपात राहिल्याचे मान्य केले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एका विसरलेल्या ओळीसाठी ही जोखीम कोणी घ्यावी? माझ्या मते ओळ बंद असणे म्हणजे ती नसणे नव्हे. प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातल्या) कोडमध्ये ती असूच नये.

तळघर

मी लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरवर काम करतो, म्हणून एक उदाहरण जोडतो. कर्नलमध्ये 'पीआर_डीबग' या हाकेने (ही आज्ञा बोलावून) लिहिलेले हजारो संदेश कायमचे राहतात. डायनॅमिक डीबग चालू ठेवून कर्नल बांधला असेल, तर एका कंट्रोल फाइलमध्ये फाइलचे नाव, फंक्शन किंवा ओळीचा क्रमांक लिहून नेमका तेवढाच संदेश चालत्या यंत्रावर चालू करता येतो. ज्या प्रोसेसरांवर जंप लेबलची (चालत्या कोडमधली सूचना बदलण्याची) सोय आहे तिथे बंद संदेशाच्या जागी जवळपास काहीच न करणारी सूचना असते, त्यामुळे त्याची किंमत मोजण्याइतकीही राहत नाही. ज्या प्रकल्पात एकेका ओळीवर काटेकोर वाद होतो, तिथे हे संदेश परांची म्हणून उतरवलेले नाहीत. धागाकर्तीशी मी सहमत आहे.

दीपमाळ

मी सर्व्हर सांभाळणाऱ्या बाजूचा माणूस आहे आणि मला हे पटत नाही. कर्नलचे उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण जावास्क्रिप्टमध्ये हाक बंद असली तरी तिला दिलेल्या आर्ग्युमेंटांची (कंसात दिलेल्या मूल्यांची) किंमत आधीच मोजलेली असते. 'डीबग(जेसन.स्ट्रिंगिफाय(पावती))' (स्ट्रिंगिफाय म्हणजे वस्तूचा मजकूर बनवणे) असे लिहिले, तर पावतीचा मजकूर तयार होतो आणि मग संदेश बंद आहे म्हणून फेकून दिला जातो. मी एका सेवेत हेच पाहिले आहे. प्रोफायलरमध्ये (कोणत्या कामाला किती वेळ जातो ते दाखवणाऱ्या साधनात) सर्वांत वर स्ट्रिंगिफाय दिसत होते आणि लॉगमध्ये एक अक्षरही नव्हते.

संदेश चालू केल्यावर तर प्रश्न आणखी वाढतो. लिनक्सवर नोडचे एसटीडीएररवर लिहिणे फाइल, पाइप आणि टर्मिनल या तिन्ही ठिकाणी सिंक्रोनस असते, म्हणजे लिहून होईपर्यंत इव्हेंट लूप (नोडमधली कामे एकेक करून चालवणारे चक्र) थांबतो. गर्दीच्या वेळी कोणी सगळे विभाग चालू करणारी चांदणी लिहिली, की सेवा मंदावते आणि ज्या दोषाच्या शोधात आपण होतो तो वेळेचे गणित बदलल्यामुळे दिसेनासा होतो. व्हेरिएबल वाचले जाते प्रोग्राम सुरू होताना, त्यामुळे संदेश चालू करायला प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागतो. आपल्या काट्यावर दोष पुन्हा आला. आमच्याकडे दोन दिवस चालल्यावर बिघडणारी प्रक्रिया पुन्हा सुरू केली, की पुरावाच संपतो.

आणि सर्वांत मोठा मुद्दा: एका यंत्रावर एक माणूस ओळी वाचतो आहे, ही कल्पनाच आमच्याकडे लागू होत नाही. एक विनंती सहा सेवांतून जाते. मला हवी असते जेसनमधली (ठरावीक रचनेतली) नोंद, तिच्यात पातळी, विनंतीचा क्रमांक आणि सेवेचे नाव. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, आणि त्या साठ्यात रंगीत, मनाला येईल तशा लिहिलेल्या ओळी मिसळल्या तर शोधणाऱ्याचे हाल होतात. जे महत्त्वाचे आहे ते नेहमीच्या लॉगमध्ये पातळी ठरवून लिहावे, जे महत्त्वाचे नाही ते काढून टाकावे.

ऊसमळा

दीपमाळ, आर्ग्युमेंटांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. म्हणूनच मजकूर स्वतः तयार न करता वस्तू तशीच देऊन '%ओ' किंवा '%जे' हा फॉरमॅटर (वस्तूचा मजकूर कसा बनवायचा ते सांगणारी खूण) वापरायचा असतो. मग रूपांतर संदेश चालू असेल तरच होते. किंमत त्याहूनही मोठी असेल तर आधी 'एनेबल्ड' (विभाग चालू आहे का ते) तपासावे. प्रोग्राम पुन्हा सुरू करण्याला पर्याय आहे: याच पॅकेजचे 'एनेबल' हे फंक्शन चालत्या प्रक्रियेतून बोलावता येते. आम्ही ती सोय केली नव्हती, ही आमची उणीव.

पण नेहमीचा लॉग आणि डीबगची ओळ या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालू नका. नेहमीचा लॉग म्हणजे काय घडले याची नोंद, ती जपायची असते आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचायची असते. डीबगची ओळ ही कोड लिहिणाऱ्याने पुढच्या लिहिणाऱ्यासाठी ठेवलेली खिडकी आहे. पोर्टवरून आलेला प्रत्येक बाइट मी १८० दिवस जपणार नाही, आणि ते योग्यही नाही. एक भर मात्र माझ्याकडून: आउटपुट टर्मिनलऐवजी फाइलमध्ये गेले, की मिलिसेकंदांच्या फरकाऐवजी पूर्ण वेळ छापली जाते, आणि ती यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असते. त्या रात्री घड्याळात २ वाजून १० मिनिटे झाली होती आणि फाइलमध्ये आदल्या दिवसाचे २०:४० दिसत होते. ऑपरेटर फाइल जुनी समजून बाजूला ठेवणार होते.

गिरवणी

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याची जागा) लावून कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची यादी) बघण्याऐवजी मुले जिथे-तिथे संदेश लिहीत सुटतात आणि अंदाज बांधत बसतात, म्हणून या सोयीला मी वर्गात उत्तेजन देत नाही. मात्र काट्याचा दोष डीबगरने सहज सापडला नसता, हेही मान्य केले पाहिजे. आधीच्या वजनावर प्रोग्राम ब्रेकपॉइंटला थांबलेला असताना पुढच्या वजनाचे दोन्ही तुकडे येऊन एकमेकांना मिळाले असते, आणि सारे ठीक दिसले असते.

कुलूपकिल्ली

माझ्या मूळ आक्षेपाला अजून उत्तर मिळालेले नाही, आणि त्यात आणखी एक जोडते. हे पॅकेज 'छोटे' आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ८ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच्या देखभालकर्त्याला एनपीएमच्या (नोडची पॅकेजे मिळतात त्या सेवेच्या) नावाने फसवा ईमेल आला, खाते हातचे गेले, आणि डीबगची ४.४.२ ही आवृत्ती चॉकसह इतर अनेक पॅकेजांबरोबर दूषित होऊन प्रसिद्ध झाली. ब्राउझरमध्ये चालताना क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांतले पत्ते बदलणारा कोड तिच्यात होता. काही तासांत ती काढली गेली, पण या पॅकेजांचे एकत्रित डाउनलोड आठवड्याला दोन अब्जांहून अधिक आहेत. त्याआधी २०१७ मध्ये याच पॅकेजच्या फॉरमॅटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधण्याचे सूत्र) अडकून पडण्याचा दोष सापडला होता, तो २.६.९ आणि ३.१.० मध्ये दुरुस्त झाला. संदेश छापण्यासाठी आपण इतक्या लोकांवर विश्वास का टाकावा? नोडमध्ये 'यूटिल.डीबगलॉग' अंगभूत आहे. विभागाचे नाव, चांदणी, 'एनेबल्ड' हे सारे तिथे आहे, आणि ओळीत प्रक्रियेचा क्रमांकही येतो.

अर्थात तिथेही दक्षता हवी. ते नोड_डीबग या व्हेरिएबलवर चालते, आणि नोडचे स्वतःचे अंतर्गत संदेशही त्याच व्हेरिएबलवर उघडतात. त्यात 'एचटीटीपी' लिहिले तर पासवर्ड, टोकन उघडे पडू शकतात, असा इशारा खुद्द नोडच देतो.

ऊसमळा

अंगभूत सोयीबद्दलचे आपले म्हणणे मला पटले, आणि काट्याच्या प्रोग्रामपुरता मी बदल केलाही आहे. तिथे रंगांचा उपयोग नव्हता, ब्राउझरचा प्रश्न नव्हता, आणि हंगामात त्या संगणकावर काहीही अद्ययावत करायचे नाही असा कारखान्याचा नियम असल्यामुळे बाहेरचे एक पॅकेज कमी झाले हे बरेच झाले. आमच्या वेब पडद्यांवर मात्र डीबग राहील, कारण ब्राउझरमध्ये डीबगलॉग नाही आणि तिथे लोकलस्टोरेजमधल्या (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यातल्या) एका किल्लीने विभाग चालू करता येतो. त्याची आवृत्ती लॉकफाइलमध्ये (आवृत्त्यांच्या पक्क्या यादीत) पक्की केली आहे आणि बिल्डमध्ये 'एनपीएम सीआय' (त्या यादीतल्याच आवृत्त्या बसवणारी आज्ञा) शिवाय दुसरी आज्ञा चालत नाही.

गुपितांच्या प्रश्नासाठी मी सगळ्या ओळी काढल्या नाहीत, एकेक वाचून काढली. एकूण ६१ होत्या. त्यांपैकी चार ओळी पूर्ण पावती छापत होत्या, म्हणजे शेतकऱ्याचे नाव, गाव आणि बँक खात्याचा क्रमांकही. त्या चारही मीच लिहिल्या होत्या. आता तिथे फक्त पावतीचा क्रमांक छापला जातो. बॅच फाइलमध्ये विभागाचे पूर्ण नाव लिहिले आहे, चांदणी कुठेही नाही. नवीन सहकाऱ्याची रिक्वेस्ट मी पुन्हा उघडली असून त्याला त्या ६१ पैकी ज्या ओळी कोणता प्रश्न विचारतात हे समजत नाही, त्यांच्यावर शेरा लिहायला सांगितले आहे. आतापर्यंत त्याचे सात शेरे आले आहेत आणि त्यांतल्या पाच ओळींचे उत्तर माझ्याकडेही नाही.