नवी सेमी-ऑटो शॉटगन आपण रुळवायची की कंपनीने रुळवून द्यायची?

डॅलसकर_दगडू: शनिवारी नवी 12 बोअर सेमी-ऑटो (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप वर आणणारी) घेऊन क्ले शूटिंगला, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्या फोडायला गेलो. तुर्की बनावटीची, इनर्शियावाली (बाराच्या धक्क्यावर चालणारी), कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिल्या 25 च्या राउंडमध्ये 6 वेळा अडकली राव, कधी उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बोल्टमध्ये (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) चेंगरून उभी तर कधी बोल्ट पुरता मागे गेलाच नाही आणि पुढचं काडतूस वर येईना. शेजारी हाताने मागेपुढे ओढून भरायची पंप ॲक्शनवाला म्हातारा गालात हसतोय. दुकानदार म्हणे ब्रेक-इन करा, जड काडतुसांचे चार बॉक्स उडवा, मग हलकीपण चालतील. म्हणजे 100 बार माझ्या खिशातून आणि माझ्याच खांद्यातून! माझ्या मते ब्रेक-इन म्हणजे कंपनीने अर्धवट सोडलेली घासाघीस गिऱ्हाइकाकडून फुकट करून घेणं. मिक्सर घेतल्यावर आधी पोतंभर हरभरे दळा असं कोण सांगतं?

जुनी_राजदूत: मिक्सरचं नाही सांगत पण जात्याचं सांगायचे ना, नव्या जात्याचं पहिलं पीठ टाकूनच द्यायचे, कचकच लागते म्हणून. कोल्हापुरी पायताणसुद्धा तेल पाजल्याशिवाय पायाला बसत नाही. आता बंदुकीचं बघ. इनर्शियात बार उडाला की अख्खी बंदूक धक्क्याने मागे येते, बोल्ट मात्र जागच्या जागी राहायला बघतो, त्या फरकात त्याच्या पोटातली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि ती सुटली की बोल्ट मागे फेकला जातो. सगळा खेळ धक्क्याच्या जोरावर. बोल्ट ज्या खाचांतून सरकतो त्या नव्यापणी खरबरीत, मागची रिकॉइल स्प्रिंग कडक, हे सगळं तो जोर खातं. काडतुसं कुठली होती?

डॅलसकर_दगडू: 7/8 औंस. स्वस्त मिळाली.

जुनी_राजदूत: झालं. म्हणजे जेमतेम 25 ग्रॅम छर्रा. 1 1/8 औंस म्हणजे 32 ग्रॅमची घे, धक्का चांगलाच वाढतो, तेवढ्यावर खाचा घासून गुळगुळीत होतील, मग हलक्यांवर ये. आणि मॅन्युअलमध्ये कमीत कमी किती लोड (काडतुसाचा जोर) चालतो ते छापलेलं असतं, ते पान उघडलंस का?

मिनेसोटाची_माई: दोघांचंही पटलं नाही. लोक पॅकिंगच्या ग्रीससकट 100 बार मारतात, तेवढ्यात ग्रीस पातळ होऊन उडून जातं आणि मग सांगत फिरतात की ब्रेक-इन झालं. माझी बंदूक नोव्हेंबरच्या थंडीत अशीच रडत होती, नवरा म्हणाला परत करू. मी दस्ता काढला, मागच्या स्प्रिंगच्या ट्यूबमध्ये काकवीसारखा चिकटा गोठलेला. सॉल्व्हंटने धुतलं, कोरडं पुसलं, पातळ तेलाचा नुसता हात फिरवला. एकही जड काडतूस न उडवता 28 ग्रॅमवर सुरळीत चालली. दगडू, खर्च एका चिंधीचा आहे रे.

जुनी_राजदूत: माई, तुमच्या एका बंदुकीवरून जगाचा नियम होत नाही. धुतल्यावरही अडकणाऱ्या मी पाह्यल्यात.

माई: आणि न धुता रुळवलेल्या किती पाहिल्यात ते पण सांगा की 😄

कार्बनकाका: इनर्शियाचं दुखणं सगळ्या सेमी-ऑटोंच्या गळ्यात नका बांधू. माझी 1100 आहे, रेमिंग्टनने 1963 मध्ये काढलेली ती गॅसवाली. नळीच्या भोकांतून थोडा गॅस येऊन पिस्टन ढकलतो, नवीकोरी असतानाच मऊ चालते, तिचा रुसवा पुढे, कार्बन साचल्यावर. इनर्शियाचं उलटं, सुरुवातीला नखरे आणि नंतर मळकी असली तरी चालेल. आणि कंपनीनेच सगळं करून द्यावं म्हणाल तर आजोबांच्या जमान्यातल्या ब्राउनिंग ऑटो-5 ला हलक्या-जड काडतुसाप्रमाणे फ्रिक्शन रिंगची जागा स्वतः बदलावी लागायची, तेव्हा कोणी तक्रार केली नाही.

डॅलसकर_दगडू: केली असेल काका, तेव्हा धागे नव्हते.

पुणेरी_ट्रॅप: ऑलिंपिक ट्रॅप-स्कीटला (चकत्या फोडायच्या स्पर्धा) 24 ग्रॅमच्या वर परवानगीच नाही, आणि तिथे बहुतेक सगळे ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) वापरतात. मोडायची, दोन भरायची. रुळवायला आहे काय त्यात!

डॅलसकर_दगडू: तुमच्या ओव्हर-अंडरच्या किमतीत माझी गाडी येते.

कार्बनकाका: दगडू, बंदुकीला वरून काही लावलंयस का? टॉर्च वगैरे?

डॅलसकर_दगडू: रिसीव्हरला (बोल्ट असतो त्या मधल्या भागाला) 6 काडतुसांचं होल्डर आहे, भरलेलं. का?

कार्बनकाका: अरे देवा. वजन वाढलं की बंदूक मागे हळू येते आणि स्प्रिंग कमी दाबली जाते. आधीच हलकी काडतुसं, त्यात तू बंदुकीला दागिने घातलेस. खांद्याला पण नीट घट्ट लाव, पण भिंतीला टेकून नको, तिला मागे यायला जागा पाहिजे.

डॅलसकर_दगडू: (रविवार रात्र) होल्डर काढलं, साफसफाई केली, काडतुसं तीच स्वस्तातली. 50 बारांत 2 वेळा अडकली. आता या दोन वेळांचं बिल कोणाच्या नावावर फाडू?

जुनी_राजदूत: ब्रेक-इन. 32 ग्रॅमचे दोन बॉक्स आण.

माई: थांबा. दगडू, दस्ता काढून मागची ट्यूब धुतलीस की नुसतं वरवर पुसलंस?

डॅलसकर_दगडू: ...वरवर.