मदत हवी आहे : डब्लिनमध्ये त्याच कामाला कमी पगार

डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. माझ्याच टीममध्ये, माझ्याच हुद्द्यावर असलेल्या सहकाऱ्याने बोलताबोलता पगार सांगितला. तफावत चांगलीच मोठी आहे. एचआरचं एकच पालुपद, 'पगार गोपनीय असतात.'

२०२० मध्ये युरोपीय सामाजिक हक्क समितीने (देश सामाजिक हक्क पाळतात का, हे पाहणारी समिती) स्त्री-पुरुष समान वेतनावरून तक्रार झालेल्या १५ पैकी १४ देशांना दोषी ठरवलं, त्यात आयर्लंडही आहे (स्वीडन तेवढं सुटलं). पण तिथे एकट्या व्यक्तीला तक्रार करता येत नाही, संघटनाच लागते. म्हणजे मला वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडेच (नोकरीतल्या तक्रारी ऐकणारी इथली सरकारी संस्था) जावं लागणार.

कुणी असा दावा लढवलाय का? सहकाऱ्याच्या पगाराचा पुरावा कसा मिळवलात? युनियन नसताना वकील परवडला का? वर्क परमिटवर असताना नोकरीला धोका किती, तेही मोकळेपणाने सांगा.