देवगिरी ते वेरूळ, मधलं खुलताबाद: तुमचे अनुभव लिहा

दौलताबादचा किल्ला झाला की गाड्या घाट चढून थेट वेरूळ गाठतात. मधे डोंगरावर तटबंदीचं अख्खं गाव आहे, ते काचेतूनच मागे पडतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की खुलताबादला अर्धा दिवस तरी द्या. जे गेलेत त्यांनी लिहा: पाय कुठे रेंगाळले, वयस्कर माणसांना काय झेपतं? सुरुवात मी करते.

मला धरून ठेवलं ते औरंगजेबाच्या कबरीने. १६८१ साली दख्खनेत उतरलेला हा बादशहा परत उत्तरेत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथे, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. वर छत नाही. मधे उघडी माती आणि तिच्यात सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून निजामाने बसवलेली. सकाळीच बीबी का मकबरा पाहिला होता, त्याच्या बेगमेचा, दिलरास बानूचा. तो घुमट डोळ्यांपुढे असताना ही चार हात माती पाहिली आणि बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. समोरच बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. हैदराबादचा पहिला निजाम तिथे विसावलाय. तोही चुकवू नका.

परभणीहून

आमच्याकडे श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी जायची रीत. संभाजीनगरहून रात्री निघायचं. किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातूनच रस्ता जातो. एरवी तिथे वाहनं तुंबतात, त्या रात्री नुसती माणसं. वाटेत चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी देणारे हात जोडून थांबवतात, नाही म्हणवत नाही. घाटात पोटऱ्या भरून येतात. उजाडता उजाडता देऊळ. मारुतीराय इथे निजलेले, अंगभर शेंदूर. दर्शनाला नजर खालीच न्यावी लागते. सासूबाई जीपने आल्या, त्यांना काही त्रास झाला नाही. पुढे सुलीभंजनलाही जा. नाथ महाराजांनी तिथे तप केलं, सूर्यकुंड आहे, आणि पावसाळ्यात डोंगर असा हिरवा की निघवत नाही.

जालन्याहून, शिक्षक

मुलांनी विचारलं, सर, एवढ्याशा गावात इतके दर्गे कसे? उत्तर खाली किल्ल्यात आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. दरबाराबरोबर सूफी मंडळीही आली आणि या डोंगरावर राहिली. म्हणून आधी किल्ला, मग खुलताबाद, हाच क्रम ठेवा. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वाटाड्याने मशाल बाजूला नेली तेव्हा शेजारच्याचा हातही दिसेना. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली वेड्यावाकड्या पायऱ्या. चाळीस पोरं एका क्षणात चिडीचूप! वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. एकनाथांचे गुरू याच गडाचे किल्लेदार होते, हे कळल्यावर मुलं आपणहून हात जोडून उभी राहिली.

लातूरहून

मलिक अंबरची कबर कुणीच कशी लिहिली नाही? हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२६ ला तो गेला. गावाबाहेर दगडी घुमटाखाली त्याची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा आवारात गवत माजलेलं, आणि माणूस एकही नाही. ज्याने शहर वसवलं त्याच्याकडे शहरातल्यांनी तरी जायला हवं, असं मला फार वाटतं.

संभाजीनगरहून

वयस्करांसाठी: किल्ल्याच्या चढाचा आग्रह धरू नका, चांदमिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंत सपाटीनेच जाता येतं. खुलताबादचे दर्गे, भद्रा मारुती सहज होतात. दर्ग्यात डोकं झाका, चपला बाहेर. सीताफळांच्या दिवसांत गेलात तर दौलताबादला रस्त्याकडेच्या पाट्यांतून घ्या, डोळे उघडलेली बघून.