पंखा कितीवर ठेवता? सोबत राहताना कळलेल्या सवयींचे अनुभव लिहा

आमच्या पत्रिकेत ३६ पैकी २८ गुण जुळले. त्यात एकट्या नाडीला ८ गुण, पंख्याला शून्य! मी निफाडची, थंडीत दव गोठतं तिथली. नवरा नागपूरचा. जानेवारीतही याचा पंखा पाचवर, कारण म्हणे आवाजाशिवाय झोप येत नाही. मी दोन गोधड्यांखाली. तुमच्याकडे काय काय निघालं, सांगा.

*

दुधाचं पातेलं झाकून ठेवायचं की उघडं? सध्या अर्धवट झाकतो.

*

आम्ही अकोल्याचे, हे पुण्याचे. आमटीत गूळ लागला तेव्हा घास तोंडातच राहिला. माझ्या हातचं खाऊन हे घामाघूम. आता आमटी माझ्या पद्धतीची होते आणि हे आपल्या वाटीत वरून गूळ कुस्करून घेतात. सासूबाईंचा मात्र ठाम आक्षेप: उकळताना पडला नाही तो गूळ कसला!

*

माझं लग्न झालं नाही, पण लिहिते. साखरपुड्यानंतर आम्ही तीन-चारदा फिरायला गेलो. तो कायम चार पावलं पुढे. मागे वळून बघणं नाही. एकदा दादरला ऐन गर्दीत रस्ता ओलांडून गेला आणि पलीकडे मोबाइल बघत उभा राहिला. मी अलीकडेच, टॅक्स्यांच्या रांगेत अडकलेली. पोचले तर म्हणतो, "किती वेळ!" स्वभावाने वाईट नव्हता, खरंच. घरी नकार कळवला तेव्हा मावशी म्हणाली, "एवढ्यावरून?" हो, एवढ्यावरूनच. आठ वर्षं झाली, अजून पस्तावले नाही.

*

लग्नाला ३१ वर्षं. ही गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर, मी शिट्टी झाल्यावर. माझ्यापायी एकदा पहाटेची सिंहगड चुकली. दिवसभर अबोला. मग हिने घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. मी मनातल्या मनात दहा वजा करायला लागलो. हिच्या लक्षात आलंच. आता ते नक्की किती पुढे आहे हे फक्त हिला माहीत, आणि दर महिन्याला बदलतं. गाडी मिळते.

*

दादरवाल्या ताई, तुमचं वाचून काल भाजीला जाताना मुद्दाम बघितलं. हा दोन पावलं मागे, दोन्ही पिशव्या घेऊन. रात्री पंखा पाचवरच होता. तिसरी गोधडी काढली.