मांजरीला इंजेक्शन देऊन सोडवलं, बाबांना ते सोसत नाहीये

चिपळूणची मधली
नमस्कार मंडळी. प्रश्न मी विचारतेय, पण दुःख बाबांचं आहे. ते काही इथे येऊन लिहिणार नाहीत.

आमची ठकी गेल्या महिन्यात गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. खरं वय कोणालाच माहीत नाही, कारण आली तीच पोटुशी. एस.टी.तून निवृत्त झालेला माणूस, घरात मांजर शिरलं की चप्पल भिरकावणारा, आणि शेवटी शेवटी रोज सकाळी तिला कातडीखाली सलाईन देत होता. पिशवी आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, मग खिडकीच्या गजाला अडकवायची, मानेची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. सलाईनचा फुगा हळूहळू खांद्यावरून पुढच्या पायाकडे उतरायचा. बाबा त्यावरून हात फिरवत "झालं हो, झालं" म्हणत बसायचे. आम्हा भावंडांच्या तापात त्यांनी असं काही केल्याचं आईला आठवत नाही. (हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.)

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आई माझ्याकडे पुण्याला होती. बाबा आणि ठकी पोटमाळ्यावर, वीज नाही, फोन नाही. त्या रात्रीबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर ठकीची थाळी त्यांच्या पानाशेजारी आली ती आलीच.

शेवटी तिने पाणीही सोडलं, तोंडात फोड आले. डॉक्टर म्हणाले, आता सोडवा. बाबांनीच हो म्हटलं, मांडीवर घेऊन बसले. आणि आता तेच त्यांना आतून पोखरतंय. त्यात आत्या भेटायला आली नि म्हणाली, "मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं रे दादा." चेष्टेत म्हणाली की मनापासून, देव जाणे, बाबा पानावरून उठले. परवा फोनवर मला हळूच म्हणाले, "डोळे उघडेच होते गं तिचे. माझ्याकडेच बघत होती." रोज मांदेली घातली म्हणून मूत्रपिंडं गेली, असंही डोक्यात घेतलंय.

त्यांना काय सांगू? आणि भाऊ पर्शियन पिल्लू आणायचं म्हणतोय, आणू द्यावं का?

निवृत्त गुरांचा डॉक्टर
ताई, डोळ्यांचं आधी. प्राणी गेला की डोळे बहुतेक उघडेच राहतात. पापणी मिटायला स्नायूंचा जोर लागतो, तो उरत नाही. आधी गुंगीचं देतात, मग भुलीच्याच जातीचं औषध मोठ्या मात्रेत. शुद्ध आधी जाते, हृदय नंतर थांबतं. ती बघत नव्हती, हे त्यांना ठामपणे सांगा.

मांदेलीला उगाच बदनाम करू नका. म्हातारपणी मांजरांमध्ये हा आजार सर्रास दिसतो, पाकिटातलं महागडं खाणाऱ्यांनाही होतो. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांचं जवळपास 75 टक्के काम थांबलेलं असतं. तोपर्यंत पाणी जास्त पिणं, वजन उतरणं, एवढंच काय ते दिसतं.

पुरलंय किती खोल? ते औषध देहात टिकून राहतं. कुत्र्याने किंवा कोल्ह्याने उकरून खाल्लं तर त्याच्या जिवावर बेतेल. तीन फूट तरी हवं, वर दगड.

मिनीची आई, कांदिवली
पर्शियन? चिपळूणच्या पावसाळ्यात? रोज विंचरा, रोज डोळे पुसा. हौस असेल तर भावाने स्वतः पाळावं.

आमची मिनी गेल्यावर जाऊबाईंनी न विचारता पिल्लू आणून सोडलं. आमचे हे त्याला कितीतरी दिवस नुसतं "ए" म्हणायचे. मिनीला आम्ही मालाडला महापालिकेच्या प्राणी दहनगृहात नेलं होतं. 2023 मध्ये सुरू झालंय, गॅसवर चालतं. तिथे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले होते. घरात चकार शब्द न काढणारा माझा नवरा त्यांच्याशी बाहेर उभा राहून बोलत बसला, मीच शेवटी रिक्षा थांबवून ठेवली. तुमच्या बाबांना असं कोणी भेटतं का बघा. लेकीपुढे ती पिढी बोलत नाही.

टवाळ_७
मांजरच ना शेवटी? पुरात लोकांची माणसं गेली.

चिपळूणची मधली
@टवाळ_७ हो, आमच्या आळीतलीही. बाबा त्यांच्या दारी गेले होते. पुढे बोला.

दशग्रंथी नसलेला
सोन्याचं मांजर जीव घेणाऱ्याला सांगितलंय हो. मांजर षष्ठीचं वाहन, तिला कोणी काठी घालू नये म्हणून घातलेला धाक आहे तो. दुखण्यातून सोडवणाऱ्याला कसलं प्रायश्चित्त? तरी बाबांच्या मनातून जात नसेल तर वाद घालू नका, गावातल्या एखाद्या मांजरीच्या नसबंदीचा खर्च त्यांच्या हातून होऊ दे. आणि आत्याबाई सोन्यावर अडून बसल्या तर आजचा भाव सांगून अर्धी वर्गणी मागा.

चिपळूणची मधली
खड्डा दोन-अडीच फूट असेल, भाऊ उद्या वर जांभ्याचे चिरे रचतोय. पर्शियन रद्द.

डॉक्टर, तुमचं उत्तर बाबांना फोनवर वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले, "त्यांना विचार, सुई टोचायच्या आधी ती घुरघुरत होती. बरं वाटत होतं म्हणून, की दुखत होतं म्हणून?"

निवृत्त गुरांचा डॉक्टर
मांजर दोन्हीला घुरघुरतं. मांडी ओळखीची होती आणि दुखतही होतं, मला तरी यातलं एक निवडता येणार नाही. मीही घरची दोन अशीच मांडीवर घेऊन सोडवलीत. तुम्हाला व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो, बाबांना म्हणावं दुपारी चारनंतर करा. आधी केलात तर मी झोपलेला असतो.